सवाष्ण बाटल्या

शेवंती सुईण जिना चढायला लागली की तिचा आवाज तिच्या आधी वर पोचायचा. "आसात काय गो घरात?" असं ती पहिल्या पायरीवरून विचारायची आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाया चुलीपुढून उठायच्या. ती देवगडकडची. नवरा विठोबा गिरणीत मागावर होता. मागांच्या खडखडाटात उमर गेल्यामुळे त्याला घरात फक्त शेवंतीचंच बोलणं ऐकू यायचं, आणि तेही ऐकू येत नाही असं तो दाखवायचा.

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीतली अर्धीअधिक पोरं शेवंतीच्या हातावर जन्मलेली. त्यामुळे चाळीत तिच्या शब्दाला वजन होतं. कुणाच्या पोटात दुखलं, कुणाची सून रुसली, कुणाला विहिरीचं पाणी जड लागलं, सगळ्यावर तिचा एक निकाल असायचा. तो ती गॅलरीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून, मान किंचित वर करून सांगायची. चाळीतल्या पोरी तिची नक्कल करायच्या ती तशीच, मान वर करून. शेवंतीने एकदा ती पाहिली आणि म्हणाली, हनुवटी अजून वर घ्या, मेल्यांनो, मी एवढी खाली नाय बघत.

परळच्या दवाखान्यात चिंतामणराव डॉक्टर नवे आले तेव्हा अडलेल्या बाळंतिणीच्या निमित्ताने त्यांची आणि शेवंतीची ओळख झाली. ते गिरगावातून घोड्याच्या ट्रामने येत. बोलत तेव्हा एकेक शब्द धुऊन, घडी घालून ठेवल्यासारखा बाहेर पडायचा. पहिले काही दिवस शेवंतीला वाटायचं, हे आता चुकून तरी एखादा शब्द चुरगाळतील. त्यांनी कधी चुरगाळला नाही.

त्या सुमाराला बाजारात एक पांढरी पूड आली होती. दुधात टाकली की दूध उन्हातही नासत नाही, मासळीवर भुरभुरली की तिला वास मारत नाही. डब्यातल्या लोण्यात ती असायची, घामोळ्यावर लावायच्या पावडरीत असायची. विकणारे सांगत, निर्धोक आहे, विलायतेत लहान मुलंसुद्धा खातात. चिंतामणरावांना त्या पुडीने झोप लागू देईना. एक दिवस त्यांनी शेवंतीला दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसवून समजावलं. दूधवाल्याचा हंडा तपासता येतो, मासळीची टोपली तपासता येते, पण त्याने काही कळत नाही.

"दूधवाला म्हणतो, मी चिमूटभर टाकतो," ते म्हणाले. "मासळीवाला म्हणतो, मी चिमूटभर टाकतो. लोणीवालाही तेच म्हणतो. चिमटी ज्याच्या त्याच्या निराळ्या, शेवंतीबाई, पण पोट एकच. त्या एका पोटात रोज किती जातं, ते मला मोजायचं आहे."

ते मोजायचं कसं, तर ही पूड अंगात फार काळ राहत नाही, लघवीवाटे बाहेर पडते. चाळीतल्या माणसांची सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून आणायची, आणि आदल्या दिवशी कोण काय जेवलं, अंगाला काय लावलं, ते विचारून यायचं. पुरुष पाठवला तर बाया दार लावून घेतील, म्हणून शेवंती.

शेवंतीने पदर तोंडाला लावून आधी पोटभर हसून घेतलं. एवढी वर्षं मी माणसं जगात आणली, आता त्यांचं हेही मीच गोळा करू? असं ती म्हणाली खरी, पण कुणीतरी शिकलेल्या माणसाने आपल्याशिवाय अडतं असं सांगितल्याचा आनंद तिला लपवता आला नाही. बाटल्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती परळहून चालत आली तेव्हा नेहमीपेक्षा जरा ताठच चालत होती.

चाळीत हलकल्लोळ झाला. शेजारच्या कमलने विचारलं की डॉक्टर त्याचं करणार काय. एकीला वाटलं, यावरून जादूटोणा होतो. खालच्या खोलीत बिऱ्हाड नसलेले गिरणीकामगार एकत्र राहत आणि खाणावळीत जेवत. त्यांतल्या लहूने बाटली उजेडात धरून, आपल्याकडून शिगोशीग मिळेल, वर आणखी हवी तर तीही, असं गंभीरपणे सांगितलं. शेवंतीने त्याला त्याच्या आईच्या नावाने दोन शब्द सुनावले आणि बाटली हातात कोंबली.

तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक बाटलीच्या गळ्यात तिने वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. कमलचा हिरवा, लहूचा काळा, तान्ह्या पोराच्या नलूचा पिवळा, असे. आणि बाटली देताना तिने आपली रीत पाळली. सवाष्णीच्या हातात भांडं कोरडं द्यायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीत शिरताना ती पाण्याच्या घंगाळालासुद्धा बोट लावायची. कनवटीचा करंडा काढून तिने प्रत्येक सवाष्णीच्या बाटलीला, तोंडाशी आणि बुचावर, कुंकवाचं बोट टेकवलं. घाबरलेल्या बायांचा जीव त्याने जरा भांड्यात पडला. कुंकू लागलं म्हणजे वस्तू घरातली झाली. घरोघरच्या नवऱ्यांनी बाटलीला हात लावला नाही, म्हणून पुरुषांच्या बाटल्या फक्त खालच्या खोलीतल्या, आणि त्यांना कुंकू लावायचं कारण नव्हतं. मालनला तिने नुसतीच बाटली दिली. मालनचा नवरा मागच्या साली वारला होता. मालनने बाटली घेतली, तिच्या कोऱ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि आत गेली.

शेवटी एक बाटली उरली. चाळीतलीच म्हणून शेवंतीने आपली स्वतःचीही दिली, लाल दोऱ्याची. हात सवयीने करंड्याकडे गेला आणि त्या बाटलीलाही कुंकवाचं बोट लागलं.

चिंतामणरावांनी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या तयार ठेवल्या होत्या. बाटलीत तेजाबाचे थेंब टाकायचे, पट्टी बुडवायची आणि मंद आचेवर सुकवायची. पूड नसेल तर पट्टी पिवळीच राहते. असेल तर सुकता सुकता तांबूस होते, आणि जितकी पूड जास्त तितकी लाल. शेवंती दारात बसून बघत होती. पट्ट्या ओळीने सुकत होत्या, आणि एकेक करून लाल चढत होती.

सगळ्या नाही. डॉक्टरांनी दोऱ्यांचे रंग विचारले, शेवंतीने माणसं सांगितली. लहू आणि त्याचे सोबती पिवळे. मालन पिवळी. घरोघरच्या बाया लाल, शेवंतीसकट. डॉक्टर खोलीत येरझारा घालू लागले. असं काय आहे जे घरात शिजतं, पण खाणावळीत शिजत नाही आणि मालनही खात नाही? लोणी चाळीत कोण खातं? दूध तान्ह्यांपुरतं येतं. मग शेवंतीनेच सांगितलं. खाणावळीत ताजी मासळी नाही, सुकी शिजते. मालनने नवऱ्यामागे मासळी सोडली. बाकी घरांत रोज सकाळी गुणवंती कोळणीची टोपली उतरते.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. इतका स्वच्छ निकाल त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. येत्या रविवारी गिरगावात चार डॉक्टरांपुढे ते हे वाचून दाखवणार होते. चाळीतून टोपलीची मासळी बंद करावी, असंही सुचवणार होते. शेवंतीला त्यांनी बजावलं होतं की तोवर कुठे बोलू नका. शेवंतीने मान हलवली. ती मान डिलाईल रोडपर्यंत टिकली.

गुणवंती प्रभादेवीच्या कोळीवाड्यातली. नवरा होडीवर, ही टोपलीवर. उजाडताच किनाऱ्यावर मासळी घ्यायची आणि तीच टोपली डोक्यावर घेऊन चाळीचा चौक गाठायचा. तिची आरोळी अशी की बोंबील कुठल्या मजल्यावर जाणार हे बोंबलालाही कळावं. ही एक चाळ म्हणजे तिचं सगळं गिऱ्हाईक. शेवंतीशी तिचं रोजचं भांडण आणि रोजचं बोलणं. शेवंतीची लेक सासरी पहिलटकरीण होती. ती सुखरूप सुटेपर्यंत मासळीला शिवणार नाही, असा नवस शेवंतीने प्रभादेवीला दसऱ्याला केला होता. त्यावरून गुणवंती तिला रोज छळायची, देवीला माझाच धंदा सापडला काय, भोपळ्यावर नवस बोलायचा होतास.

दुसऱ्या दिवशी गुणवंतीने टोपली चौकात उतरवली तेव्हा वर कठड्यावर शेवंती हात टेकून उभी होती. मान वर. तिने सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं सांगितलं की हिच्या मासळीत पूड आहे, डॉक्टरांच्या कागदावर उतरली आहे, आणि आपल्या सगळ्यांच्या अंगात भिनली आहे.

गुणवंतीला आधी ती थट्टाच वाटली. मग तिने बघितलं की कमल ताट घेऊन अर्ध्या जिन्यावरून परत फिरली. दुसरी एक कोलंबी हातात घेऊन वास घेत होती, तिने ती टोपलीत टाकून हात लुगड्याला पुसला. पूड कसली, मी ती कधी डोळ्यांनी बघितली नाही, रातची मासळी पहाटे आणते, टिकवायला वेळ तरी कुठे असतो, असं गुणवंती सांगत राहिली. कुणी खाली आलं नाही. तिने टोपली पुन्हा डोक्यावर घेतली. जाताना वर बघून ती फार मोठ्याने बोलली नाही, आणि म्हणूनच ते सगळ्यांना ऐकू आलं.

"दसऱ्यापासून माझ्या मासळीचं कालवण तुझ्या जिभेला लागलं नय, शेवंतीबाय. आन माझ्या मासळीत काय हाय ते तूच सांगतेस मना?"

शेवंतीने वरून काहीतरी उत्तर फेकलं. काय फेकलं ते तिचं तिलाच नंतर आठवेना. ती घरात गेली, तांदूळ निवडायला बसली, आणि निवडता निवडता तिचा हात थांबला. आपला लाल दोरा. तो लाल पट्टीखाली होता. मासळीचा कण दसऱ्यापासून पोटात नाही, दूध नाही, लोणी नाही. मग आपली पट्टी लाल कशी झाली?

तिने ती गोष्ट बाजूला सारून पाहिली. डॉक्टर शिकलेले, कागद खोटं कशाला बोलेल? जेवताना विठोबाला विचारलं, तर त्याने ऐकू आलं नाही असं दाखवलं. चौथ्या दिवशी चौक सकाळी मुका होता. आरोळी नव्हती. कमल म्हणाली, कोळीण गेली ते बरं झालं. ते बोलणं ऐकून शेवंतीला अंगावर पाल पडल्यासारखं झालं, कारण ते शब्द कमलचे नव्हते, तिचे स्वतःचेच होते आणि हनुवटीही तिचीच वर केलेली होती. ती चपला न घालताच परळला गेली.

चिंतामणराव रविवारचं वाचन पक्कं करत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, एखादी बाटली चुकू शकते. बाटली चुकली असेल तर ती माझीच कशी चुकली, असं शेवंतीने विचारलं. तिचा आवाज बसला होता. त्या आवाजानेच डॉक्टरांनी बहुतेक दौत बाजूला सरकवली. मग त्यांनी एक रिकामी बाटली तिच्या हातात दिली आणि सांगितलं, तुम्ही चाळीत दिलीत तशीच मला द्या, मी कमल आहे असं समजा.

शेवंतीने बाटली घेतली. दोरा बांधल्याचं केलं. करंडा काढला, बोट बुडवलं, बाटलीच्या तोंडाला टेकवलं, बुचाला टेकवलं आणि बाटली पुढे केली.

डॉक्टरांनी ती घेतली नाही. ते त्या लाल बोटाकडे बघत राहिले.

"हे कुंकू घरचं?"

"घरचंच. बाजारचा माका चालना नाय. हळकुंडं, लिंबाचा रस, आणि सवागी."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. त्यांना हसू आलं, पण ते हसू शेवंतीला नव्हतं. सवागी, म्हणजे टाकणखार, आणि ती पांढरी पूड ही एकाच घरची, त्यांनी सांगितलं. हळद, आंबट आणि सवागी एकत्र आली की लाल होतं, म्हणून तर कुंकू लाल. आणि त्यांचा कागद म्हणजे दुसरं काय? हळद, तेजाब आणि तीच पूड. तुम्ही मला घरोघरचं कुंकू आणून दिलंत, आणि मी ते पुन्हा कुंकू आहे असं सिद्ध केलं. गिरगावात त्यांची आई दरसाल अंगणात कुंकू करायची. लहानपणी त्यांचे हात कोपरापर्यंत लाल असायचे. दसऱ्याला दवाखान्याच्या तराजूलाही तिनेच कुंकू लावलं होतं, ते अजून तिथे होतं. डागाळलेल्या बाटल्या त्यांनी स्वतः उघडल्या होत्या आणि तो डाग त्यांना दिसला नव्हता, इतका तो ओळखीचा.

लाल बाया म्हणजे सवाष्णी. पिवळी मालन. शेवंतीने ते मनात एकदा जुळवलं. मालनला कोरी बाटली देताना आपला हात जराही अडखळला नव्हता, हेही तिला त्याच वेळी आठवलं.

रविवारचं वाचन रद्द झालं. पुन्हा बाटल्या द्यायच्या ठरल्या, उकळलेल्या, कुंकवाशिवाय. डॉक्टर म्हणाले, या खेपेला गुणवंतीबाईंचीही हवी. ती रोज तीच मासळी खाते, तिच्याइतकी साक्ष दुसऱ्या कुणाची? पण ती देईल का, हे त्यांनी विचारलं नाही आणि शेवंतीनेही सांगितलं नाही.

कोळीवाड्यात जाळी वाळत घातली होती. गुणवंती दारात सुकटाला बसलेले कावळे हाकत होती. बाजारात जागा मिळत नव्हती, जुन्या कोळणी नवीला बसू देत नव्हत्या, आणि न खपलेली मासळी तिला सुकवावी लागत होती. शेवंती उन्हात उभी राहिली. तिला बस म्हणून कुणी म्हटलं नाही. तिने सगळं सांगितलं, कुंकवासकट. सांगताना तिचे हात टेकायला कठडा शोधत होते.

गुणवंतीने एक कावळा हाकलला. मग विचारलं की हे तू इथे मासळीला सांगतेस, की चाळीतही सांगणार?

"सांगतंय."

"जिथून बोललीस तिथूनच सांग. आन तेवढ्याच मोठ्यानं. मग माझी बाटली घेऊन जा."

चाळीत दुसऱ्या खेपेला आणखीनच अडचण झाली. कोरी बाटली सवाष्णीने कशी घ्यायची? कमलने हात मागे घेतला, अपशकुन होईल म्हणाली. शेवंती चिडली नाही. तिने बाटली पुन्हा पुढे केली.

"बाटलेक घोव असता काय गो?"

बाटलीला नवरा! हसू आधी मालनला फुटलं. तिला चाळीने वर्षभरात हसताना बघितलं नव्हतं. मग बाकीच्या हसल्या, आणि कमलने बाटली घेतली. या खेपेला नलूच्या तान्ह्याचीही घेतली, दुपटं पिळून, कारण डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं होतं. नलूला दूध पुरत नव्हतं, म्हणून पोराला तबेल्याचं वरचं दूध चालू होतं.

पट्ट्या पुन्हा ओळीने सुकल्या. कमल पिवळी. शेवंती पिवळी. गुणवंती, जी तिन्ही त्रिकाळ आपलीच मासळी खाते, ती नव्या हळकुंडासारखी पिवळी. ओळीच्या टोकाला एकच पट्टी हळूहळू तांबूस झाली आणि मग नीट लाल झाली. ती सगळ्यांत लहान बाटलीची होती. सगळी चाळ गुणवंतीच्या टोपलीत बघत होती, तेव्हा पूड ज्याला बोलता येत नव्हतं त्याच्या पोटात रोज जात होती.

ही बातमी शेवंतीने गॅलरीतून सांगितली नाही. नलूच्या घरात जाऊन, दार लोटून, पोराला मांडीवर घेऊन सांगितली. मग ती तबेल्यात गेली आणि भांडायच्या आधी विचारलं. तबेलेवाला बिचकला, पण खोटं बोलला नाही. उन्हाचं दूध नासतं म्हणून आपण चिमूटभर टाकतो. पण आपला माणूस गाडीवर चढवताना एक टाकतो हे त्याला माहीत होतं, आणि पोचवणारा पोऱ्या वाटेत आणखी एक टाकतो हे त्याला तेव्हाच, सांगता सांगता, कळलं. प्रत्येकाची आपली एकच चिमूट.

गॅलरीतून मात्र तिने सांगायचं ते सांगितलं. गुणवंतीचा पिवळा कागद डॉक्टरांकडून मागून पदराला बांधून आणला होता, तो सोडून तिने वर धरला आणि कठड्यावर हात टेकून, तेवढ्याच मोठ्याने बोलली. मासळी स्वच्छ आहे. चूक कागदाची नाही, मासळीची नाही, माझ्या बोटाची. मान मात्र या खेपेला वर नव्हती. पोरींनी या मानेची नक्कल कधी केली नाही, करता येईना म्हणून असेल.

दुसऱ्या सकाळी चौकात आरोळी आली. बाया उतरल्या, ताटं घेऊन, जरा चोरट्यासारख्या. गुणवंतीने कुणाला काही ऐकवलं नाही. नुसते बोंबील मोजून दिले आणि कमलच्या ताटात एक कमी टाकला. कमलला ते दिसलं आणि तिने ताट पदराखाली घेतलं.

टोपलीच्या तळाशी, केळीच्या पानाखाली, एक छोटी झाकणाची लोटी होती. गुणवंतीने ती काढून शेवंतीच्या हातात दिली. कोळीवाड्यात शेजारणीची शेळी होती. दूध डोळ्यांसमोर काढलं होतं, आणि वाटेत गुणवंतीने लोटी कुणाच्या हाती दिली नव्हती.

शेवंतीने झाकण काढून हुंगलं.

"ह्येका मासळीचो वास येता गो."

"येनारच. बोंबलाच्या कुशीत बसून आलंय. त्या पोराने नवस बोललाय काय?"

नलूच्या पोराने बोलला नव्हता. त्याने सगळं दूध संपवलं आणि आणखी मागायला तोंड उघडलं. शेवंतीने लोटी विसळली. रिकामी लोटी सवाष्णीला परत करायची म्हणून तिचा हात कनवटीला गेला, करंडा निघाला, बोट बुडालं आणि लोटीवर येऊन थांबलं. या लोटीत उद्या पुन्हा पोराचं दूध यायचं होतं. बोट तसंच हवेत धरून ती जिना उतरली आणि तिने ते गुणवंतीच्या कपाळावर टेकवलं.

"जपून," गुणवंती म्हणाली, "डॉक्टर आता माझं कपाळ तपासायला मागंल."